खुर्ची फर्गीची, माप दुसऱ्याचं: मँचेस्टर युनायटेडला कोच का टिकत नाही

मे २०१३. मँचेस्टर युनायटेड ह्या फुटबॉल क्लबने ८९ पॉइंट घेऊन, दुसऱ्या नंबरपेक्षा तब्बल ११ पॉइंट जास्त घेऊन प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडमधली सर्वात वरची लीग, मारलेली, स्ट्रायकर व्हान पर्सीचे लीगमध्ये २६ गोल, आणि मॅनेजर सर ॲलेक्स फर्ग्युसन, म्हणजे फर्गी, साडेसव्वीस वर्षांनी रिटायर. वरवर बघितलं तर नवीन येणाऱ्यासाठी ह्याच्यापेक्षा तयार ताट कुठलं असणार! पण त्यानंतर जानेवारी २०२६ पर्यंत सहा पर्मनंट माणसं त्या खुर्चीत बसून उठली, मधल्या मधल्या हंगामी लोकांची वेगळी रांग, आणि लीग एकदाही नाही.

ह्या प्रकरणावर बोलताना लोक दोन टोकं धरतात. एक म्हणतो सगळे कोच भिकार होते, दुसरा म्हणतो सगळं पाप ग्लेझर मालकांचं. दोन्ही बोलायला सोपं आहे. माझं म्हणणं असं की क्लबने कोचकडून नक्की कुठलं काम करून घ्यायचंय हेच कधी ठरवलं नाही, त्यामुळे दर वेळी नवीन माणूस निवडला तो मागच्याच्या दुखण्यावर उतारा म्हणून. मागचा नवखा वाटला म्हणून पुढचा मोठ्या नावाचा, मागचा कंटाळवाणा म्हणून पुढचा जिंकणारा, मागचा भांडकुदळ म्हणून पुढचा गोड बोलणारा, मागचा नुसता गोड बोलणारा म्हणून पुढचा शिस्तीचा. आणि टीम मात्र तीच, आधीच्या सगळ्यांनी घेऊन ठेवलेल्या प्लेयर्सची खिचडी.

२०१३ च्या उन्हाळ्यात नक्की गेलं कोण?

हा भाग लोक पटकन ओलांडतात, पण सगळं मूळ इथेच आहे. फर्गी गेला हे सगळ्यांना दिसलं. त्याच उन्हाळ्यात चीफ एक्झिक्युटिव्ह डेव्हिड गिलसुद्धा गेला, म्हणजे ट्रान्सफरच्या वाटाघाटी करणारा, समोरच्या क्लबला फोन लावणारा, फर्गीला काय हवंय हे न सांगता कळणारा माणूस. त्याच्या जागी आला एड वुडवर्ड. हा मूळचा बँकर, ग्लेझर फॅमिलीने २००५ मध्ये कर्ज काढून क्लब विकत घेतला तेव्हा त्या व्यवहारात बँकेकडून काम केलेला, पुढे क्लबच्या कमर्शियल बाजूला आलेला. स्पॉन्सर आणण्यात हुशार, पण फुटबॉलच्या बाजारात नवाकोरा.

तिसरी गोष्ट म्हणजे रोजचं ट्रेनिंग घेणारी माणसं. फर्गी स्वतः शेवटच्या वर्षांत मैदानावर शिट्टी घेऊन धावत नव्हता, ते काम त्याने कायम दुसऱ्यांकडे दिलेलं, कधी ब्रायन किड, कधी स्टीव्ह मॅक्लारेन, कधी कार्लोस केरोझ, शेवटी माइक फेलन आणि रेने म्युलेन्स्टीन. फर्गी त्यांच्यावर बसून सगळं बघायचा, कोणाला विकायचं, कोणाला घ्यायचं, कोणाला डोस द्यायचा हे त्याचं. डेव्हिड मॉयेसने आल्या आल्या फेलन, म्युलेन्स्टीन आणि गोलकीपिंग कोच एरिक स्टील तिघांनाही नारळ दिला आणि एव्हर्टनची आपली माणसं आणली. म्हणजे तीन महिन्यांत मॅनेजर, सौदे करणारा आणि ट्रेनिंग घेणारे अशी तिन्ही खाती एकदम रिकामी, आणि क्लबला वाटत होतं आपण एकच माणूस बदललाय.

टीमसुद्धा कागदावर चॅम्पियन, पण वय बघा. गिग्ज ३९, फर्डिनांड ३४, एव्हरा ३२, विडिच आणि कॅरिक ३१, स्कोल्स रिटायर. ही टीम फर्गीने शेवटच्या एका लीगसाठी पिळून काढलेली होती, पुढच्या माणसासाठी रचलेली नव्हती. ह्यात फर्गीचाही वाटा आहे, त्याच्या भक्तांना हे ऐकायला आवडत नाही तरी.

मॉयेसला करार दिला सहा वर्षांचा. त्याला निवडलं मुख्यतः फर्गीनेच, स्कॉटिश माणूस, कष्टाळू, एव्हर्टनमध्ये ११ वर्षं थोड्या पैशात टीम वरच्या अर्ध्यात ठेवलेली. ट्रॉफी मात्र तिथे एकही नाही. पहिल्या उन्हाळ्यात युनायटेड फॅब्रेगासच्या मागे लागलं, थियागोचं नाव चाललं, काहीच हाती लागलं नाही, आणि शेवटच्या दिवशी मारुआन फेलायनीला २.७५ कोटी पौंडाला उचललं. ह्याच फेलायनीच्या एव्हर्टनच्या करारात २.३५ कोटीची रिलीज क्लॉज होती (तेवढे पैसे भरले की क्लबला प्लेयर सोडावाच लागतो) जी जुलैअखेर संपली, म्हणजे महिनाभर आधी जाग आली असती तर ४० लाख पौंड वाचले असते. आणि त्याला घेणारा मॅनेजर कोण, तर आदल्या सीझनपर्यंत त्याचाच मॅनेजर! बाजारात क्लब किती चाचपडत होता ते ह्या एका सौद्यात कळतं.

८० च्या वर क्रॉस

९ फेब्रुवारी २०१४, ओल्ड ट्रॅफर्ड, समोर फुलहॅम, लीगमध्ये एकदम तळाला. मॉयेसच्या युनायटेडने त्या दिवशी ८० च्या वर क्रॉस टाकले. बॉल साइडला न्यायचा आणि आत उचलायचा, परत साइडला, परत आत, दीड तास हेच. फुलहॅमचा सेंटरबॅक डॅन बर्न चांगला साडेसहा फुटाच्या आसपासचा, तो आपला एकेक हेडर मारून बाहेर काढतोय, नंतर म्हणालासुद्धा की खालच्या डिव्हिजनमध्ये खेळायचो तेव्हापासून इतके हेडर मारले नव्हते. ७८ आणि ८० व्या मिनिटाला व्हान पर्सी आणि कॅरिकने गोल मारून युनायटेडला पुढे आणलं, वाटलं सुटलो, आणि इंज्युरी टाइममध्ये डॅरेन बेंटने २-२ केली.

आता ह्यातली खरी मजा, फुलहॅमच्या बेंचवर मॅनेजर म्हणून उभा होता रेने म्युलेन्स्टीन. तोच, ज्याला मॉयेसने सात महिन्यांपूर्वी घरी पाठवलेलं. युनायटेड काय करणार हे ओळखायला सोपं होतं अशा अर्थाचं तो मॅचनंतर बोललासुद्धा. (त्या बिचाऱ्याचीही नोकरी त्याच आठवड्यात गेली, फुटबॉल असंच आहे.) चॅम्पियन टीमकडे आदल्या वर्षी दहा पद्धती होत्या गोल मारायच्या, आणि एका वर्षात एकच उरली, तीही न चालणारी. म्हणून मला मॉयेसबद्दल कितीही सहानुभूती वाटली तरी त्याला पूर्ण निर्दोष म्हणता येत नाही.

मार्चमध्ये ओल्ड ट्रॅफर्डवरून मॉयेस हटावचा बॅनर लावलेलं विमान फिरलं, आणि २२ एप्रिल २०१४ ला, एव्हर्टनकडेच २-० हरून चॅम्पियन्स लीगचा, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सर्वात मोठ्या स्पर्धेचा, दरवाजा बंद झाल्यावर, त्याला काढलं. सहा वर्षांचा करार दहा महिन्यांत आटोपला. सीझनअखेर सातवा नंबर, आणि १९९० नंतर पहिल्यांदाच युनायटेड पुढच्या सीझनला युरोपातल्या स्पर्धांतून पूर्ण बाहेर. उरलेल्या चार मॅच गिग्जने सांभाळल्या.

उतारा एक, उतारा दोन

मॉयेसला मोठ्या क्लबची सवय नव्हती ना, मग घ्या आता मोठ्ठा माणूस. लुई व्हान गाल, आयाक्स, बार्सिलोना, बायर्न, आणि नुकतीच नेदरलँड्सला २०१४ च्या वर्ल्डकपमध्ये तिसरं आणलेलं. पैसाही ओतला, एंजल डी मारियासाठी ५.९७ कोटी पौंड, तेव्हाचा ब्रिटिश रेकॉर्ड, फाल्काओ लोनवर. ऑगस्टमध्येच लीग कपमध्ये तिसऱ्या डिव्हिजनच्या एमके डॉन्सकडून ४-० हरले ते जाऊ द्या, पहिल्या वर्षी चौथा नंबर आला म्हणजे काम झालं. पण डी मारिया एका वर्षात पॅरिसला पळाला, आणि दुसऱ्या वर्षी बॉल ठेवायचा, ठेवायचा, ठेवायचा आणि परत मागे द्यायचा. २०१५-१६ च्या अख्ख्या लीग सीझनमध्ये ४९ गोल. स्टेडियममधून अटॅक अटॅक अटॅक ओरडायचे लोक. पाचवा नंबर आला, तोही मँचेस्टर सिटीइतकेच ६६ पॉइंट असून गोल फरकावर.

२१ मे २०१६ ला वेम्बलीवर एक्स्ट्रा टाइममध्ये लिंगार्डच्या गोलने एफए कप जिंकला, आणि व्हान गाल ट्रॉफी घेऊन प्रेससमोर बसतोय तोपर्यंत मोरिन्यो येणार ही बातमी फुटलेली. दोन दिवसांनी व्हान गाल बाहेर. काढायचं होतं तर काढा, त्याच्या फुटबॉलबद्दल मला काही गळा काढायचा नाहीये, पण ही पद्धत का? बरं, हा एफए कप लक्षात ठेवा, पुढे ह्याच कपवरून ह्याच क्लबने अगदी उलटा निर्णय घेतला.

जोसे मोरिन्यो आला तो नुसता कंटाळ्यावर औषध म्हणून नाही, जिंकण्याची गॅरंटी म्हणून. पॉल पोग्बासाठी ८.९ कोटी पौंड, तेव्हाचा जागतिक रेकॉर्ड, आणि हा तोच पोग्बा जो २०१२ मध्ये युनायटेडमधून फुकट युव्हेंटसला गेलेला. (२०२२ मध्ये परत फुकटच गेला. एकाच प्लेयरला दोनदा फुकट सोडणं आणि मधे एकदा जगातली सर्वात मोठी रक्कम देऊन आणणं, हे जमवायलाही टॅलेंट लागतं.) पहिल्या वर्षी लीग कप आणि युरोपा लीग, दुसऱ्या वर्षी ८१ पॉइंटने दुसरा नंबर. सिटी १०० पॉइंटवर होती त्यामुळे तो दुसरा नंबर कोणी मोजलाच नाही, मोरिन्यो नंतर म्हणायचा की हे माझ्या करिअरमधल्या मोठ्या कामांपैकी एक आहे, लोक हसले, आणि पुढची वर्षं बघितल्यावर हसणारे गप्प झाले.

त्याचं बिनसलं २०१८ मध्ये. जानेवारीत क्लबने करार वाढवून २०२० पर्यंत केला. उन्हाळ्यात त्याला सेंटरबॅक हवा होता, क्लबला त्याची नावं पटली नाहीत, मिळाला नाही. म्हणजे ज्या माणसावर विश्वास नाही त्याचा करार वाढवला, आणि ज्याचा करार वाढवला त्याला माणूस दिला नाही. मग मोरिन्योने मोरिन्योसारखं केलं, रोज प्रेसमध्ये तोफ, पोग्बाशी भांडण, तोंड वाकडं. १८ डिसेंबर २०१८, लिव्हरपूलकडून ३-१ हरल्यावर दोन दिवसांनी सॅक, लिव्हरपूलच्या १९ पॉइंट मागे असताना. त्याला आणि त्याच्या स्टाफला घरी पाठवायला क्लबला १.९६ कोटी पौंड लागले. हवा असलेला सेंटरबॅक, हॅरी मग्वायर, क्लबने पुढच्याच उन्हाळ्यात ८ कोटी पौंडाला घेतला, पुढच्या कोचसाठी. वरातीमागून घोडं ते हेच.

पॅरिसची रात्र

ओले गुन्नार सोल्शायर हंगामी म्हणून आला आणि वातावरणच पालटलं. पहिली मॅच कार्डिफमध्ये ५-१, लीगमध्ये युनायटेडने पाच गोल मारले ते फर्गीच्या शेवटच्या ५-५ मॅचनंतर थेट ह्या दिवशी. पहिल्या आठच्या आठ मॅच जिंकल्या. आणि मग ६ मार्च २०१९, पॅरिस. चॅम्पियन्स लीगच्या दोन मॅचपैकी घरची मॅच पीएसजीकडून ०-२ हरलेले, दहाएक सीनियर प्लेयर दुखापत नाहीतर बंदीमुळे बाहेर, बेंचवर पोरं. लुकाकूने दोन मारले, इंज्युरी टाइममध्ये दालोचा शॉट पीएसजीच्या किम्पेम्बेच्या हाताला लागला, व्हीएआर म्हणजे व्हिडिओ रेफरीने बघितलं, पेनल्टी, रॅशफर्डने वरच्या जाळीत ठोकली. ३-१, एकूण ३-३, आणि परक्या मैदानावरचे गोल जास्त म्हणून युनायटेड पुढे. घरी दोन गोलने हरून पुढे जाणारी चॅम्पियन्स लीगच्या इतिहासातली पहिली टीम. टीव्हीवर रिओ फर्डिनांड जवळजवळ ओरडत होता की ओलेसमोर करार ठेवा, त्याला हवा तो आकडा लिहू द्या.

तीन आठवड्यांनी, २८ मार्चला, क्लबने खरंच तीन वर्षांचा करार ठेवला. घाई काय होती? तो सीझनअखेरपर्यंत होताच की. दुसरा कुठला क्लब त्याला पळवायला दारात उभा नव्हता. मे पर्यंत थांबले असते तर काय दिसलं असतं ते सांगतो, करारानंतरच्या आठ लीग मॅचमध्ये दोन विजय, एव्हर्टनकडून ४-०, आणि शेवटच्या दोन मॅच ऑलरेडी रेलिगेट झालेल्या, म्हणजे खालच्या डिव्हिजनला जाणं ठरलेल्या, टीम्सशी, हडर्सफील्डशी १-१ आणि घरच्या मैदानावर कार्डिफकडून ०-२. सहावा नंबर. नव्याचे नऊ दिवस दहाव्या दिवशी संपले आणि क्लबने सही नवव्या दिवशी केली.

तरी ओलेवर अन्याय करायचा नाही. नंतर तिसरा, मग दुसरा नंबर आणला त्याने, काउंटर अटॅकवर मोठ्या टीम्सना हरवायचा, सडलेलं वातावरण साफ केलं. कमी पडला तो शेवटच्या पायरीला, सेमीफायनलमागून सेमीफायनल हरला आणि २०२१ ची युरोपा लीग फायनल व्हियारेआलकडून पेनल्टीवर ११-१० ने गेली, २१ पेनल्टी आत आणि बाविसावी डे हेआची, अडवली गेली. त्यानंतर जुलै २०२१ मध्ये क्लबने काय केलं, तर करार २०२४ पर्यंत वाढवला. ऑगस्टमध्ये रोनाल्डो परत आला, टीमची जी पळापळीची पद्धत बसत आलेली ती मोडली. ऑक्टोबरमध्ये लिव्हरपूलने ओल्ड ट्रॅफर्डवर ०-५ केलं, तरी ठेवला, अँटोनियो कॉन्टे मोकळा होता तो तोपर्यंत टॉटनहॅमला गेला, आणि नोव्हेंबरमध्ये वॉटफर्डने ४-१ मारल्यावर दुसऱ्या दिवशी काढला.

मोरिन्यो: करार जानेवारीत वाढवला, डिसेंबरमध्ये सॅक. ओले: जुलैत वाढवला, नोव्हेंबरमध्ये सॅक. पुढचा कोच टेन हाग: जुलैत वाढवला, ऑक्टोबरमध्ये सॅक. एकदा होतं तेव्हा नशीब म्हणतो आपण, तीनदा झालं की ती सवय. क्लब करार वाढवायचा तो पुढच्या दोन वर्षांचा विचार करून नाही, गेल्या दोन महिन्यांचं बक्षीस म्हणून किंवा पेपरातल्या प्रश्नांची तोंडं बंद करायला.

आणि हो, युनायटेडने इतिहासातला पहिला फुटबॉल डायरेक्टर नेमला कधी? मार्च २०२१, जॉन मर्टो. फर्गी जाऊन जवळजवळ आठ वर्षं झाल्यावर. तोपर्यंत प्लेयर्सची निवड कोचची आवड, वुडवर्डचं चेकबुक आणि एजंटचा फोन ह्या तीन गोष्टींच्या मधे कुठेतरी व्हायची.

भाडेकरूंचं फर्निचर

युनायटेडची टीम म्हणजे ज्या घरात दर दोन वर्षांनी भाडेकरू बदलतो आणि प्रत्येक जण आपलं जड फर्निचर तिथेच सोडून जातो, तसलं घर. व्हान गालने श्वाइनश्टायगर, श्नायडरलिन, डेपाय आणले, मोरिन्योने वर्षाच्या आत एकाला ज्युनियर पोरांबरोबर ट्रेनिंगला लावलं आणि दोघांना विकलं. मोरिन्योने लुकाकू आणि सांचेझ आणले, ओलेने दोघांना एकाच महिन्यात इंटरला पाठवलं, एकाला विकून, एकाला लोनवर. ओलेच्या काळात व्हान डे बेक, सांचो, मग्वायर आले, पैकी व्हान डे बेकला ओलेनेच खेळवलं नाही, सांचोशी टेन हागचं फाटलं, मग्वायरची कॅप्टनशिप टेन हागने काढली. टेन हागने आयाक्समधून अँटोनी आणला आठ कोटी पौंडाच्या वर देऊन, त्याच्यानंतरच्या अमोरिमने त्याला रियल बेटिसला लोनवर धाडलं आणि मग क्लबने त्यांनाच विकून टाकलं. ह्या प्रत्येक बदलात क्लबचे काही कोटी पौंड गेले आणि त्याहून वाईट म्हणजे एक अख्खा सीझन गेला, कारण नवीन कोचचं पहिलं वर्ष जुनं सामान बाहेर काढण्यातच संपतं आणि दुसऱ्या वर्षी त्याचाच नंबर लागतो.

ओले आणि टेन हागच्या मधल्या हंगामी कोचचं, राल्फ रांगनिकचं सहा महिन्यांचं प्रकरण ह्यात मला सर्वात चुकचुकायला लावतं. कोच म्हणून फेल, ५८ पॉइंट, सहावा नंबर, कबूल. पण माणूस खरं बोलला, चार भिंतीत नाही तर प्रेससमोर, की वरवरच्या मलमपट्टीचं हे काम नाही, ओपन हार्ट सर्जरी लागणार आहे. त्याला नंतर दोन वर्षं सल्लागार म्हणून ठेवायचं ठरलेलं, म्हणजे क्लबला बाहेरून बघणारा एक शहाणा माणूस मिळणार होता. तेवढं एक राहिलं असतं तरी चाललं असतं. तो ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय टीमकडे गेला आणि तेही रद्द झालं.

एक कप, दोन न्याय

एरिक टेन हागचं पहिलं वर्ष खरंच चांगलं होतं, ब्रेंटफर्डने पहिल्या ३५ मिनिटांत चार घातले तिथून सुरुवात होऊनसुद्धा. रोनाल्डोचा विषय संपवला, लीग कप जिंकला, ७५ पॉइंट, तिसरा नंबर. दुसऱ्या वर्षी दुखापती, मिडफिल्डमध्ये ट्रक जाईल एवढी मोकळी जागा, आठवा नंबर, म्हणजे प्रीमियर लीगच्या काळातला तोवरचा सर्वात वाईट, आणि चॅम्पियन्स लीगच्या ग्रुपमध्ये शेवटचा. दरम्यान फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटिश उद्योगपती जिम रॅटक्लिफने क्लबचा २७.७ टक्के हिस्सा घेऊन फुटबॉलचा कारभार हातात घेतलेला.

सगळ्यांनी धरलं होतं की टेन हाग जाणार. मग २५ मे ला वेम्बलीवर गार्नाचो आणि मेनूच्या गोलांवर सिटीला २-१ हरवून एफए कप जिंकला. आता क्लब पेचात. दोनेक आठवडे चौकशी चालली, दुसऱ्या कोचेसशी बोलणी झाली, त्यात थॉमस टुखेल होता, आणि शेवटी ठरलं काय, तर आहे तोच राहू दे. वर आणि जुलैत करार २०२६ पर्यंत वाढवला. म्हणजे ज्याच्या जागी दुसरा शोधत होतात हे अख्ख्या जगाला माहीत, ड्रेसिंगरूमला माहीत, त्या माणसालाही माहीत, त्यालाच परत हार घालून बसवला. २०१६ मध्ये एफए कप जिंकलेला कोच दोन दिवसांत काढला, २०२४ मध्ये एफए कप जिंकला म्हणून जवळजवळ काढलेला कोच ठेवला. निकष काय ते कोणी सांगेल का?

त्या उन्हाळ्यात योरो, डे लिख्ट, माझरावी, झिर्कझी, उगार्ते असे दोनशे मिलियन पौंडाच्या आसपासचे प्लेयर आले. नऊ लीग मॅचमध्ये ११ पॉइंट, चौदावा नंबर, २८ ऑक्टोबरला टेन हाग बाहेर. चार मॅच रूड व्हान निस्टलरॉयने बघितल्या. न्यूकॅसलशी महिनोन्महिने झगडून जो स्पोर्टिंग डायरेक्टर आणला, डॅन ॲशवर्थ, तो जुलैत आला आणि डिसेंबरमध्ये पाच महिन्यांत त्यालाही निरोप. कोचला काढायचं दुखणं आता डायरेक्टरपर्यंत पोचलं.

रुबेन अमोरिमला स्पोर्टिंगमधून काढून घ्यायला १.१ कोटी युरो मोजले. माणूस तरुण, पोर्तुगालमध्ये दोन लीग जिंकलेला, आणि त्याचं सगळं काम ३-४-३ वर (तीन डिफेंडर, मधे चार, पुढे तीन), हे पहिल्या दिवसापासून उघड. तो म्हणत होता मी सीझन संपल्यावर येतो, क्लबने सांगितलं आत्ता नाहीतर कधीच नाही. हे त्यानेच सांगितलंय. म्हणजे टेन हागच्या चार डिफेंडरच्या पद्धतीसाठी नुकतीच केलेली खरेदी, टीममध्ये धड एक विंगबॅक (साइडने वरखाली पळणारा प्लेयर, ३-४-३ ला लागतोच) नाही, प्री-सीझन नाही, नोव्हेंबर महिना, आणि त्यात सिस्टम बदलायची. निकाल पंधरावा नंबर, ४२ पॉइंट, १९७३-७४ च्या रेलिगेशन सीझननंतरचा नीचांक. युरोपा लीगची फायनल बिल्बाओमध्ये टॉटनहॅमकडून १-० हरले. तो स्वतःच जानेवारीत बोलून गेला की ही बहुतेक क्लबच्या इतिहासातली सर्वात वाईट टीम असेल, आता असं कोच बोलतो का? पण बोलला.

पुढच्या उन्हाळ्यात कुन्या, म्ब्यूमो, शेश्को असे दोनशे मिलियनच्या वर पुन्हा. ऑगस्टमध्ये चौथ्या डिव्हिजनच्या ग्रिम्सबीने लीग कपमध्ये पेनल्टीवर १२-११ ने बाहेर काढलं. लीगमध्ये सलग दोन मॅच जिंकायला अमोरिमला ऑक्टोबर २०२५ उजाडला, जवळजवळ वर्ष. त्याचा हट्ट मला कधीच पटला नाही, तीन मॅच हरल्यावर तरी माणूस एकदा चार डिफेंडर लावून बघतो. पण ३-४-३ वाला माणूस मुद्दाम आणायचा आणि मग तो ३-४-३ खेळतो म्हणून वैतागायचं, हे क्लबचं कसलं शहाणपण?

इथे लिव्हरपूल बघा. त्यांचा कोच युर्गन क्लॉपने जानेवारी २०२४ मध्ये सांगितलं मी जाणार, क्लबने आधी वरची माणसं बसवली, मायकल एडवर्ड्स आणि रिचर्ड ह्यूज, मग असलेल्या टीमला साजेसा कोच शोधला, आर्ने स्लॉट. त्या उन्हाळ्यात लगेच खेळायला म्हणून एकटा किएझा आला. आणि पहिल्याच वर्षी लीग. (नंतर त्यांनीही पाण्यासारखा पैसा ओतला आणि घसरले, ते असो.) तिथे टीम बघून माणूस आणला, इथे माणूस आणून मग टीमकडे बघितलं.

फर्गीलाही वेळ दिला होता की, हा एक मुद्दा दर वेळी येतो. खरंय, १९८६ ला आला, पहिली ट्रॉफी १९९० चा एफए कप, त्याच सीझनला लीगमध्ये तेरावा, सिटीकडून ५-१ खाल्ले होते. पण त्या साडेतीन वर्षांत तो काय करत होता ते बघा, स्काउट वाढवले, युथ टीम उभी केली, दारू पिणारी ड्रेसिंगरूम मोडली. वेळ त्या कामाला दिला होता. ओलेला आणि टेन हागला जो वेळ मिळाला तो नुसता पुढच्या निकालाची वाट बघण्याचा. आणि युनायटेडला हे नवीनही नाही, मोठा मॅनेजर मॅट बझबी १९६९ ला बाजूला झाल्यावर मॅकगिनेस, ओफॅरेल, डॉकर्टी, सेक्स्टन, ॲटकिन्सन असे पाच जण झाले, मधे १९७४ ला टीम खालच्या डिव्हिजनला गेली, आणि १९६७ नंतरची लीग थेट १९९३ ला.

कोच सगळे बिचारे असंही नाही. मॉयेसने वेस्ट हॅमला २०२३ मध्ये युरोपियन ट्रॉफी मिळवून दिली, म्हणजे माणूस ठीकच होता, जागा चुकली. टेन हागला मात्र लेव्हरकुसेनने २०२५ मध्ये लीगच्या दोन मॅचनंतरच काढलं, त्यामुळे तिथे फक्त युनायटेडला दोष देऊन भागत नाही.

४ जानेवारी २०२६ ला लीड्सशी १-१ झाली आणि अमोरिम प्रेससमोर उघड बोलला की मी इथे मॅनेजर म्हणून आलोय, नुसता कोच म्हणून नाही. दुसऱ्या दिवशी त्याला काढलं. गंमत अशी की क्लबने त्याला नेमताना हेड कोचच म्हटलं होतं, प्लेयर कोण घ्यायचे हे वरची मंडळी बघणार, फुटबॉल डायरेक्टर जेसन विलकॉक्स, चीफ एक्झिक्युटिव्ह ओमर बेराडा वगैरे. म्हणजे चौदा महिने दोन्ही बाजू एकच करार आपापल्या अर्थाने वाचत होत्या. फर्गी गेल्यावर साडेबारा वर्षांनीसुद्धा ह्या नोकरीत काय काय येतं ह्यावर मालक आणि नोकर ह्यांचं एकमत नाही, आणि ह्या वेळी निदान ते कोणीतरी माइकवर बोललं तरी.

त्यानंतर जुना प्लेयर डॅरेन फ्लेचरने तात्पुरतं सांभाळलं आणि मग मायकल कॅरिकला सीझनअखेरपर्यंत बसवलं, पुन्हा एकदा जुना प्लेयर, पुन्हा हंगामी. चार मॅच जिंकला की लोक म्हणणार करार द्या. माझं एवढंच म्हणणं की मे २०२६ पर्यंत सहीचं पेन कपाटात ठेवा, आणि तोवर त्या वरच्या मंडळींनी बसून आधी हे ठरवा की तीन डिफेंडर का चार, कारण विंगबॅक म्हणून मुद्दाम आणलेला डोर्गू, ३-४-३ मधल्या स्ट्रायकरच्या मागच्या दोन जागांसाठी घेतलेले कुन्या आणि म्ब्यूमो, हे सगळे पुढच्या माणसाच्याही गळ्यात असणारच आहेत.